मुलगी हजर करावी

रविवारी दुपारी भाऊजी आले ते वाऱ्यासारखे, आणि खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले, "तिकडे एक बाई गेली. तापाने. डॉक्टरला बोलावलंसुद्धा नाही म्हणे."

वकीलीणबाई चहा गाळत होत्या. गाळणं कपावर तसंच धरून त्या उभ्या राहिल्या. कोण गेली, हे विचारायला त्यांची जीभच उचलेना.

वकीलसाहेबांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "वय काय?"

"सत्तरीच्या पुढची असेल. पण दादा, प्रश्न वयाचा नाहीये."

"सत्तरीच्या पुढची माणसं इकडेही जातात. डॉक्टर उशाशी बसलेला असताना जातात."

बाईंच्या हातातला चहा पुन्हा कपात पडू लागला.

'तिकडे' म्हणजे कुठे, हे या घरात आता कुणी विचारत नसे. शहराबाहेर एक काचेचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर त्याच्या आवारात चाळीसेक माणसं राहायला आली. भाजी पिकवायची, आपले कपडे आपण शिवायचे, सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर. दुपारपर्यंत ती माणसं बोलत नसत, म्हणून गाव त्यांना 'मुके' म्हणे. फोन नाही. कुणाच्याही नावाने शपथ घ्यायची नाही. आणि मतदान करायचं नाही. ही शेवटची गोष्ट सरकारच्या डोळ्यांत विशेष सलत होती. दीड वर्षापूर्वी वकीलसाहेबांची धाकटी, त्यांच्याच कार्यालयात चार वर्षं वकिली केलेली, चांगली बोलकी मुलगी, एका सकाळी काळा कोट खुंटीला अडकवून त्या मुक्यांमध्ये राहायला गेली. भांडण नाही, रडारड नाही. "मी ठीक असेन. मला न्यायला येऊ नका," एवढंच म्हणाली.

तरी बाई गेल्या होत्या. फाटकावर एक दाढीवाला गृहस्थ होता, त्याने स्टूल दिलं, पाणी दिलं, आत जाऊन आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आत्ता नको म्हणते. मनात येईल तेव्हा तीच येईल." बाईंना त्या मऊ आवाजाचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाच्या ओरडण्याचाही आला नव्हता.

भाऊजींनी सगळ्यांना बोलावूनच घेतलं होतं. वन्सं, म्हणजे वकीलसाहेबांची थोरली बहीण, कालपासून मुक्कामाला होत्या. चाळीस वर्षं परिचारिकेचं काम करून निवृत्त झालेल्या, आवाजात अजून वॉर्डातली जरब. थोरला मुलगा दातांचा दवाखाना बंद ठेवून आला होता आणि आल्यापासून घड्याळाकडे बघत होता. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. एक खुर्ची रिकामी राहिली, तिच्यावर भाऊजींनी आपली पिशवी ठेवली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, उचलून खाली ठेवली.

"दादा, सरळ सांगतो," भाऊजी म्हणाले. "तुझाच अर्ज. बंदी प्रत्यक्षीकरण. आयुष्यभर लोकांच्या पोरांसाठी केलास, आता एकदा आपल्या पोरीसाठी कर."

वकीलसाहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

कुणाला बेकायदा कोंडून ठेवलं असेल, तर त्या माणसाला उचलून न्यायालयापुढे उभं करा, एवढंच तो अर्ज सांगतो. पण त्या एवढ्याशा अर्जावर वकीलसाहेबांचं नाव उभं होतं. भिंतीवर सरकारविरुद्ध चार शब्द रंगवणारा रंगारी, गोदी कामगारांचा चिटणीस, वर्गात नको तो प्रश्न विचारणारी शिक्षिका, अशी कितीतरी माणसं त्यांनी त्या अर्जाच्या जोरावर बाहेर काढली होती. सुटलेली माणसं याच टेबलाशी पहिलं जेवण जेवत. धाकटी त्यांच्या मांडीवर बसून वाढली. आणि ते अर्ज टंकायच्या बाई. लग्नानंतरची बरीच वर्षं वकीलसाहेबांना टंकलेखक ठेवणं परवडत नव्हतं.

"तो अर्ज कोंडलेल्या माणसासाठी असतो," वकीलसाहेब म्हणाले. "ती कोंडलेली नाही."

"तुला काय माहीत?"

"तुला काय माहीत, की आहे?"

"अरे, हसतीखेळती पोर! वाद घालायला लागली की मला पळता भुई थोडी करायची. ती एकाएकी तोंड शिवून बटाटे खणायला जाते? भुरळ घातलीय तिला."

"भुरळ!" वकीलसाहेब हसले, पण हसू काही धड उमटलं नाही. "माझ्या एकूण एक अशिलाबद्दल सरकारी वकील हेच म्हणायचा. पोराला कुणीतरी भडकवलंय, त्याचं स्वतःचं डोकं चालत नाही. मी विचारायचो, साहेब, तुमच्या बाजूने बोलला असता तर तेव्हा डोकं त्याचंच असतं ना? हे बघ, मला ती माणसं पटत नाहीत. एक मत मिळावं म्हणून लोकांनी तुरुंग भोगले, आणि हे महाभाग मतदानाच्या दिवशी रोपं लावत बसतात. पण मला पटत नाही म्हणून तिचा 'नाही' खोटा ठरत नाही. घटना काय फक्त आपल्याला आवडणाऱ्या माणसांसाठी लिहिलीय?"

"घटना ठेव बाजूला. मुलगी आहे ती!"

"मुलगी आहे म्हणूनच घटना बाजूला ठेवता येत नाही. परक्याच्या बाबतीत काय, कुणीही..."

"झालं भाषण?" वन्सं म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे वळले. "अरे, जगाला बोलायचा हक्क मिळवून दिलास. पण या टेबलाशी कुणाला एक वाक्य तरी पुरं करू दिलंस का? पोरीने तोंड उघडलं की तुझी उलटतपासणी सुरू. भाजी कमी शिजलीय म्हणाली तरी पुरावा काय म्हणून विचारायचास. मुक्यांमध्ये गेली नाही ती. बोलून बोलून दमली म्हणून गेली."

वकीलसाहेबांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र उलगडलं आणि पुन्हा घडी घातली.

भाऊजींना हुरूप आला. "बघ, ताईलाही पटतंय. करायचा ना अर्ज, ताई?"

"मी कधी म्हटलं असं?" वन्सं त्यांच्यावर उसळल्या. "मी शिकायला गेले तेव्हा आपल्या बाबांनी काय केलं ते विसरलास? वसतिगृहाच्या दारातून हाताला धरून ओढत आणलं. सज्ञान होते मी. पुढची दोन वर्षं घरात बसले, आणि त्या दोन वर्षांत बाबांशी एक शब्द बोलले नाही. हजर होते मी. रोज समोर होते. मिळाली का त्यांना मुलगी?"

भाऊजी नखाने टेबलावरचा डाग खरवडत राहिले. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. धाकटीला सायकल त्यांनी शिकवली होती, आणि ती पडली तेव्हा तिच्याआधी तेच रडले होते. खाली बघतच ते म्हणाले, "मला फक्त ती जिवंत आहे एवढं कुणीतरी सांगा."

आणि ते सांगू शकणारं एकच माणूस त्या खोलीत होतं. ते माणूस कप गोळा करत होतं.

थंडी ओसरत होती तेव्हाची गोष्ट. बाई पलीकडच्या बाजारात गेल्या होत्या. नेहमीचा बाजार नव्हे. पायांना वेगळा रस्ता हवासा वाटला म्हणून. तिथे कडेच्या ओट्यावर धाकटी बसली होती. केस मुलासारखे कापलेले, अंगात जाडाभरडा निळा सदरा, पुढ्यात पालेभाजीचा ढीग. एक गिऱ्हाईक म्हातारा घासाघीस करत होता, आणि ती त्याला काहीतरी बोलली, आणि मग दोघंही हसत सुटली. किती दिवसांनी ते हसू बाईंच्या कानी पडलं! मान मागे टाकून, डोळे मिटून, लहानपणी हसायची तसंच. बाई कांद्याच्या पोत्यांमागे उभ्या राहिल्या. आठ पावलं चालल्या असत्या तर हाताला हात लागला असता. पण समोर गेले तर ती हसायची थांबेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि पाय जागचे हलले नाहीत. रिकामी पिशवी घेऊन त्या घरी आल्या. नंतर दर बाजारी त्या तिथे जात राहिल्या, पण ओट्यावर कधी दाढीवाला असे, कधी दुसरी कुणी. धाकटी पुन्हा दिसली नाही.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे निश्चिंत झाले असते, आणि मग तिला आणायला कुणीच हललं नसतं.

"बाबा, मला एक सांगा," थोरला म्हणाला. तो आत्तापर्यंत काकांच्याच बाजूने मान हलवत होता. "समजा अर्ज केला आणि जिंकलो. मग? घरी आणून करायचं काय? दाराला कुलूप लावायचं?"

"ते तुझ्या काकांना विचार."

"मला इतकं पुढचं कळत नाही," भाऊजी म्हणाले. "हात वर करा. अर्ज व्हावा असं कुणाला वाटतं?"

त्यांनी स्वतःचा हात वर केला. वन्संनी दोन्ही हात मांडीवर घट्ट ठेवले. थोरल्याने वडिलांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि कोपरातून हात अर्धाच उचलला; त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. मग बाईंनी कपांचा ट्रे खाली ठेवला आणि हात वर केला. सरळ, शाळेतल्या मुलीसारखा.

वकीलसाहेब त्या हाताकडे बघत राहिले. तोंडाकडे नाही, हाताकडे.

"ठीक," ते म्हणाले. "माझा विरोध आहे, तेवढा लक्षात ठेवा. मी उभा राहणार नाही, मसुदा करणार नाही. पण अडवणारही नाही. आईला अर्ज करायचा हक्क आहे. फक्त एक ऐकून घ्या. सरकार कधीपासून त्या आवारात शिरायला दार शोधतंय. तुमच्या अर्जाचं शेपूट धरून ते आत जाईल. मग ती माणसं तिथे राहतील की नाही, हे ना तुमच्या हातात राहील, ना माझ्या."

"फक्त मुलगी समोर येऊ दे," बाई म्हणाल्या. त्या दुपारचं त्यांचं ते पहिलंच वाक्य होतं. "बाकी मला काही नको."

वकीलसाहेबांकडे उमेदवारी करून आता नावारूपाला आलेल्या एका वकिलाने, गुरूच्या विरोधात जातोय म्हणून दहादा कान धरत, काम घेतलं. प्रतिज्ञापत्र मात्र बाई म्हणाल्या, मीच टंकते. मशीन माळ्यावरून काढलं, धूळ पुसली. मजकूर त्यांना तोंडपाठ होता. नावं तेवढी बदलायची. 'माझी अशी खात्री आहे की माझ्या मुलीला तिच्या इच्छे' इथे बोटं थांबली. मग त्यांनी मोकळी जागा सोडून 'विरुद्ध' टंकलं आणि पुढे 'डांबून ठेवण्यात आले आहे' हेही टंकलं.

वकीलसाहेब मागून जाता जाता थांबले. वाकून वाचलं.

"इच्छेविरुद्ध. एक शब्द."

"हं."

"प्रत्येक ओळ खरी आहे ना, तेवढं बघ. सही तुझी आहे."

बाईंनी कागद फिरवून काढला, नवा घातला, तो शब्द जोडून टंकला, आणि सही केली.

सुनावणीच्या दिवशी वकीलसाहेब म्हणाले, "मी येत नाही," आणि खोलीत निघून गेले. भाऊजी आणि थोरला बाईंना घेऊन गेले. न्यायालयाचं दालन उंच होतं, खिडक्या वर, इतक्या वर की आभाळाखेरीज काही दिसू नये. बाकांची पाठ इतकी ताठ की बसणाऱ्याला आपोआप गुन्हेगार वाटावं. समोर दोन न्यायमूर्ती; त्यांतल्या बाई वयस्क होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि त्यांच्या शेजारचे तरुण सतत काही लिहीत होते.

धाकटी आली. दाढीवाला बरोबर होता, पण तो दाराशीच थांबला. ती एकटी चालत पुढे गेली. अंगात तोच निळा सदरा. वाटेत तिने आईकडे एकदा पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बाईंना सोसलं असतं. ती नुसती पाहून गेली, ओळखीच्या घरासमोरून जाताना बघतात तसं.

शपथेला ती नको म्हणाली. "मी शपथ घेत नाही."

सरकारी वकील लगेच उठले. न्यायमूर्तीबाईंनी त्यांना हाताने बसवलं. "शपथ नको तर नको. खरं बोलाल ना?"

"ते तर रोजच बोलते," धाकटी म्हणाली, आणि दालनात हसू पसरलं. तरुण न्यायमूर्तींनीही लिहिता लिहिता मान वर केली.

"तिथे कुणी ठेवलंय का तुम्हाला?"

"नाही. मी राहते."

"निघावंसं वाटलं तर?"

"फाटकाला कडी आहे. आतून."

"आजारी पडलात तर डॉक्टर?"

"जातो. ज्या आजी गेल्या त्यांना आम्ही दवाखान्यात नेणार होतो. त्याच नको म्हणाल्या. त्यांना अंथरुणातच राहायचं होतं."

भाऊजींनी श्वास सोडला तो बाईंना शेजारी ऐकू आला. त्यांचं काम झालं होतं. मुलगी जिवंत होती, धडधाकट होती, आणि उलट उत्तरं देत होती.

तेवढ्यावर संपायला हवं होतं. पण सरकारी वकील पुन्हा उठले, आणि यावेळी बसले नाहीत. ते म्हणाले की ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. कायदा न मानणारी, देशाच्या कारभाराकडे पाठ फिरवलेली माणसं एका जागी गोळा झाली आहेत. बाहेरच्या जगाशी संबंध तोडलेली मुलगी 'मी खुशीत आहे' म्हणाली, याला किती किंमत द्यायची? तिची जन्मदाती शपथेवर सांगते आहे की तिला डांबून ठेवलं आहे. त्या एका प्रतिज्ञापत्रावर आवाराची पूर्ण झडती आणि चौकशी व्हावी, आणि ती होईपर्यंत सगळ्यांना तिथून हलवावं.

धाकटीचा चेहरा पहिल्यांदा उतरला. तिने वळून दाराकडे पाहिलं, जिथे दाढीवाला उभा होता.

न्यायमूर्तीबाईंनी प्रतिज्ञापत्र वर धरलं. "आई आल्यात का?"

बाई उठल्या. त्यांना पुढे बोलावलं गेलं. मुलीपासून त्या आता इतक्या जवळ होत्या की तिच्या मानेवरचा, उन्हाने रापलेल्या कातडीतला लहानपणचा डाग दिसत होता.

"हे तुम्ही लिहिलंय. तुमची खात्री आहे, की मुलीला डांबून ठेवलंय?"

काय होतं एका शब्दात? 'हो' म्हटलं की आवार रिकामं होणार होतं. ती माणसं चार वाटांनी पांगली असती, आणि धाकटीला दुसरी वाट उरली नसती. बाईंनी ते सगळं एका क्षणात पाहिलं: जिन्यावर पावलं, न्हाणीघरातला पाण्याचा आवाज, पलीकडच्या खोलीत दिव्याचा उजेड. घर भरलेलं. आणि त्या भरलेल्या घरात, टेबलाशी, तोंड मिटून बसलेली मुलगी.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या वकिलाने मान खाली घातली.

"मोठ्याने बोला."

"नाही. डांबून ठेवलेलं नाही. मला ठाऊक होतं. मी तिला बाजारात बघितलं होतं. भाजी विकत होती. हसत होती."

"मग हे शपथेवर का लिहिलंत?"

बाईंनी शब्द शोधले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे शब्द टंकले होते, आणि आता स्वतःचे असे फार थोडेच हाताशी होते.

"बघायची होती," त्या म्हणाल्या. "मी बोलावलं तर ती येत नव्हती. कोर्टाने बोलावलं की यावं लागतं."

न्यायमूर्तीबाईंनी चष्मा काढला.

"खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा आहे, हे तुम्हाला माहीत असेल. वकिलाच्या घरातल्या आहात."

"माहीत आहे. द्या."

"माणसाला भेटण्यासाठी हे न्यायालय नाही, बाई. जिची सुटका व्हावी म्हणून हा अर्ज केला जातो, तिलाच पकडून आणायला तुम्ही तो वापरलात." त्या रागावल्या होत्या, आणि राग खरा होता. बाईंनी मान हलवली. मग न्यायमूर्तीबाई सरकारी वकिलांकडे वळल्या. "ज्या प्रतिज्ञापत्रावर तुम्ही झडती मागत होतात ते असं आहे. दुसरं काही आहे तुमच्याकडे? मतदान न करणं हा गुन्हा असल्याचं माझ्या वाचनात नाही. न बोलणं तर नाहीच." आणि धाकटीला म्हणाल्या, "तुम्ही सज्ञान आहात. कुठे राहायचं ते आई सांगणार नाही, सरकार सांगणार नाही, मीही सांगणार नाही. या दारातून बाहेर पडल्यावर डावीकडे वळा नाहीतर उजवीकडे. अर्ज फेटाळला आहे."

बाईंना ताकीद देऊन सोडलं. ती निकालपत्रात लिहिली जाईल असंही सांगितलं.

बाहेरच्या लांब ओसरीवर भाऊजींनी पुतणीला मिठीच मारली, आणि मग सरकारी वकिलांवर तोंडसुख घेत थोरल्याला ओढून बाजूला नेलं. दोघी उरल्या. खांबाशी एक दगडी कट्टा होता, त्यावर बसल्या.

"तू बाजारात मला बघितलंस?"

"हो."

"मग पुढे का नाही आलीस?"

"तू नको म्हणाली होतीस ना. फाटकावर."

"फाटकावरचं ऐकलंस, आणि इथे खेचून आणलंस."

"तेव्हा ऐकता आलं. मग सोसवेना."

पूर्वी अशा वेळी धाकटीने तीन मुद्दे काढून दाखवले असते. आता ती नुसती बसली होती, आणि बाईंच्या लक्षात आलं की तिचं हे गप्प बसणं त्यांना वाटलं होतं तसं दार लावून घेणं नव्हतं. ती ऐकत होती. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. बाईंनी विचारलं, "हात लावू?"

मुलीने हात पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला.

"आज चिडलेय मी तुझ्यावर," धाकटी म्हणाली. "आमच्या सगळ्यांची झोप उडवलीस. राग इतक्यात जाणार नाही."

"असू दे राग."

"आणि ते 'नाही' म्हणालीस ना, तेही मला कळलं." ती थांबली. "बाबा नाही आले."

"त्यांचा विरोध होता."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि ते अशा काही आवाजात म्हणाली की बाईंना मान वळवून दुसरीकडे बघावं लागलं.

दाढीवाला पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. त्याने हाक मारली नाही. धाकटी उठली. "मला न्यायला येऊ नका" हे ती पुन्हा म्हणाली नाही, आणि "ये" असंही म्हणाली नाही. दोन पायऱ्या एकदम उतरत खाली गेली, रस्ता ओलांडला, आणि डावीकडे वळली. बाईंच्या ओठांवर तिचं लाडाचं नाव आलं होतं. ते त्यांनी तसंच आत ठेवलं.

किती वेळ त्या तिथे उभ्या होत्या कोण जाणे. मागून पावलं आली. त्या चालीत कोर्टाच्या बुटांचा आवाज होता, आणि तो ओळखायला वळून बघायची गरज नव्हती.

"तुम्ही होतात?"

"शेवटच्या बाकावर," वकीलसाहेब म्हणाले. "उमेदवार वकिलांच्या गर्दीत."

"सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"मी खोटं लिहिलं."

"लिहिलंस. पुसलंसही. तुझ्या जागी मी असतो तर 'नाही' म्हणालो असतो की नाही, याचाच मी तिथे बसून विचार करत होतो. उत्तर काही मनासारखं आलं नाही."

"मग ओसरीवर का नाही आलात? पाच मिनिटं बसली होती ती इथे. विचारत होती तुम्हाला."

त्यांनी कागदांची गुंडाळी या हातातून त्या हातात घेतली. "तिने मला बोलावलं नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्यासाठी तरी कोर्टाचा हुकूम होता."

दोघं कट्ट्यावर बसली, मघाशी मायलेकी बसल्या होत्या तिथेच. समोर वकिलांची ये-जा चालू होती. ओळखीचे दोघे-तिघे नमस्कार करून गेले, वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. रस्ता जिथे डावीकडे वळत होता तिकडे ते बघत होते. बऱ्याच वेळाने, अशिलाला विचारावं तसा आवाज करायचा प्रयत्न करत, त्यांनी विचारलं,

"कशी दिसते गं? मला गर्दीतून धड दिसली ती नुसती पाठ."

बाई त्यांच्याकडे वळून बसल्या. "वाळलीय थोडी," त्या म्हणाल्या. "पण तब्येत चांगली आहे. उन्हाने काळवंडलीय, आणि तो रंग तिला शोभतो. कानामागे केस नीट कापलेले नाहीत, कुणीतरी घरीच कापले असतील..."

"हळू सांग," वकीलसाहेब म्हणाले, आणि डोळे मिटले.